साडेचार ग्रॅम साखर आणि पंधरा किलो चरबी

निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. सकाळी उपाशीपोटी साखर तपासली आणि अहवालात ९० हा आकडा आला, तर त्याचा अर्थ दर १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. पाच लिटरचा गुणाकार केला की उत्तर येतं साडेचार ग्रॅम. चहात घालतो तो एक सपाट चमचा. मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत फिरणाऱ्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती एवढीच.

आता मधुमेहाचा आकडा घेऊ. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त. पाच लिटर रक्ताला ६.३ ग्रॅम. निरोगी माणसाचा आकडा १०० च्या आत असावा लागतो, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. निरोगी आणि मधुमेही यांच्यातलं अंतर सगळ्या रक्तात मिळून १.३ ग्रॅमचं. हा एवढासा फरक वर्षानुवर्षं टिकला की डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा आणि हृदय या सगळ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

शिवाय ही साखर एका जागी थांबलेली नसते. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. तासाला पाच ग्रॅम, म्हणजे रक्तातल्या एकूण साठ्यापेक्षा जास्त. ही तूट यकृत भरून काढतं. आपण झोपलेलो असताना ते शरीराच्या दर किलोमागे दर मिनिटाला सुमारे २ मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत राहतं. ७० किलोच्या माणसाचा हिशोब तासाला आठ ग्रॅमच्या वर जातो. रात्रीच्या आठ तासांत ६५ ग्रॅमहून अधिक साखर रक्तात येते, जवळपास तेवढीच बाहेर पडते, आणि सकाळी मोजली की पुन्हा साडेचार ग्रॅम.

हा ताळेबंद सांभाळणाऱ्या इन्सुलिनचं नाव घरोघरी ठाऊक आहे. ते बनवणाऱ्या स्वादुपिंडाचंही. पण या कारभारात आणखी एक मोठा वाटेकरी आहे आणि त्याच्याकडे वैद्यकानेसुद्धा फार काळ नुसता साठा म्हणून पाहिलं. तो वाटेकरी म्हणजे आपली चरबी. गेल्या तीस वर्षांत सिद्ध झालं आहे की चरबी शेकडो प्रकारची प्रथिनं रक्तात सोडते आणि त्यांतली काही थेट मेंदू, यकृत आणि स्नायू यांना साखरेचं काय करायचं ते सांगतात. ही गोष्ट समजून घ्यायला आकड्यांसारखा दुसरा मार्ग नाही, कारण तिच्यात किलो आणि मायक्रोग्रॅम यांची गाठ पडते.

तीन हजार कोटी पेशी

७० किलो वजनाच्या, लठ्ठ न दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही सुमारे १५ किलो चरबी असते. एक किलो मेदऊतीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. १५ किलोत ती होते १,१५,५०० किलोकॅलरी. दिवसाचा खर्च २,००० धरला तर हा साठा ५७ दिवसांचा आहे. त्याच माणसाच्या रक्तातल्या साडेचार ग्रॅम साखरेत १८ किलोकॅलरी असतात. त्या १३ मिनिटंही पुरत नाहीत. यकृतातल्या ग्लायकोजेनचे सुमारे १०० ग्रॅम म्हणजे आणखी ४०० किलोकॅलरी. स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं खरं, पण स्नायू ते स्वतःसाठी वापरतात, रक्ताला परत देत नाहीत. रक्तातली साखर आणि चरबीतली ऊर्जा यांचं प्रमाण एकास सहा हजारांहून अधिक पडतं.

ही चरबी राहते मेदपेशींत. मेदपेशीचा व्यास सरासरी एक दशांश मिलिमीटर. पेशीचा जवळजवळ सगळा भाग तेलाच्या एकाच थेंबाने व्यापलेला असतो आणि तिचं केंद्रक कडेला दाबलं गेलेलं असतं. अशा एका पेशीचं वजन साधारण अर्धा मायक्रोग्रॅम. १५ किलोला भागून पाहिलं तर पेशींची संख्या निघते सुमारे ३,००० कोटी. त्या एकीला एक लावून ओळीत मांडल्या तर ओळ ३,००० किलोमीटर लांब होईल. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. या सगळ्या पेशींचं पृष्ठफळ एकत्र केलं तर ९४० चौरस मीटर, म्हणजे दहा हजार चौरस फुटांच्या वर जातं. रक्ताशी देवाणघेवाण होते ती एवढ्या क्षेत्रफळातून.

मेदपेशी जन्मभर त्याच राहतात का? हा प्रश्न सुटला तो अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर झालेल्या चाचण्यांनी हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण वाढवलं होतं. तो कार्बन अन्नातून माणसांच्या पेशींच्या डीएनएत पोहोचला आणि पेशी कधी जन्मली त्याची खूण मागे राहिली. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ही खूण वाचली. प्रौढ माणसात मेदपेशींची एकूण संख्या जवळपास स्थिर असते, पण दर वर्षी त्यांतल्या सुमारे १० टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात. आपल्या ३,००० कोटींच्या हिशोबात वर्षाला ३०० कोटी, दिवसाला ८० लाखांहून अधिक, आणि दर सेकंदाला जवळजवळ ९५. वजन घटवलं तरी संख्या फारशी घटत नाही. लहानमोठा होतो तो पेशींचा आकार.

आकाराचं गणित इथे महत्त्वाचं आहे. पेशीचा व्यास दुप्पट झाला की तिचं आकारमान आठपट होतं. प्राणवायू मात्र रक्तवाहिनीपासून ऊतीत साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच पसरू शकतो. फुगलेल्या मेदपेशीचा स्वतःचा व्यासच तेवढा असतो. अशी पेशी गुदमरते, ताणली जाते, आणि तिच्यातून रक्तात जाणाऱ्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं.

मायक्रोग्रॅमचा कारभार

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. उपाशीपोटी माणसाच्या रक्तद्रवात, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या तीन लिटरमध्ये, इन्सुलिन किती असतं? एककांचं रूपांतर केलं तर साधारण एक मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यातलं निम्मं पाचेक मिनिटांत नाहीसं होतं आणि स्वादुपिंड नवं सोडतं.

मेदपेशींचं सगळ्यांत प्रसिद्ध संप्रेरक लेप्टिन. त्याचं प्रमाण दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम धरलं तर तीन लिटरमध्ये ३० मायक्रोग्रॅम. एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम विरघळवावा इतकं ते विरळ असतं. दुसरं संप्रेरक ॲडिपोनेक्टिन. ते मात्र दर मिलिलिटरला साधारण ३ ते ३० मायक्रोग्रॅम असतं. १० धरलं तर सगळ्या रक्तद्रवात ३० मिलिग्रॅम. लेप्टिनच्या हजारपट आणि इन्सुलिनच्या तीस हजारपट. रक्तद्रवातल्या सगळ्या प्रथिनांत दर दहा हजारांत एक भाग ॲडिपोनेक्टिनचा असतो. संप्रेरकांच्या दुनियेत हे प्रमाण अफाट आहे.

देशाच्या पातळीवर हा हिशोब मांडून पाहा. भारतातले १४० कोटी लोक सगळे प्रौढ मानले, तर त्यांच्या रक्तात या क्षणी फिरणारी साखर होईल ६,३०० टन. ॲडिपोनेक्टिन होईल ४२ टन. लेप्टिन ४२ किलो. आणि सगळ्या देशाचं उपाशीपोटीचं इन्सुलिन मिळून दीड किलोसुद्धा भरणार नाही. दीड किलो इन्सुलिन ६,३०० टन साखर ताब्यात ठेवतं. ते जमतं, कारण चरबीतून येणारी संप्रेरकं यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकण्याजोगं ठेवतात. त्यांनी साथ सोडली की तेवढंच इन्सुलिन अपुरं पडू लागतं.

उंदीर, पंचेचाळीस वर्षं आणि एक जनुक

लेप्टिनचा शोध १९४९ मध्ये सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांची एक जात आढळली. हे उंदीर सतत खात आणि त्यांचं वजन त्यांच्या भावंडांच्या तिपटीपर्यंत जाई. १९६६ मध्ये तिथेच आणखी एक लठ्ठ जात सापडली. तिला मधुमेहही होता. डग्लस कोलमन यांनी या उंदरांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून पाहिलं. दुसऱ्या जातीच्या उंदराला निरोगी उंदराशी जोडलं, तेव्हा निरोगी उंदीर समोर अन्न असूनही खायचा थांबला आणि उपासमारीने मेला. पहिल्या जातीला निरोगी उंदराशी जोडलं, तेव्हा लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. कोलमन यांचा निष्कर्ष असा की भूक आवरणारा एक पदार्थ रक्तातून वाहतो. पहिल्या जातीत तो तयारच होत नाही. दुसऱ्या जातीत तो भरपूर असतो, पण तो ओळखायची सोय नसते.

तो पदार्थ हाती यायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं आणि 'नेचर'मध्ये जाहीर केलं. १४६ अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन मेदपेशींतून निघत होतं. चरबी मेंदूशी बोलते, याचा हा पहिला पक्का पुरावा. २०१० मध्ये कोलमन आणि फ्रीडमन यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

लठ्ठपणावर औषध सापडलं, अशा आशेने ॲमजेन या कंपनीने या शोधाच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. पण बहुतेक लठ्ठ माणसांमध्ये लेप्टिन कमी नव्हतंच. उलट, चरबी वाढली की रक्तातलं लेप्टिन वाढतं आणि ते सडपातळ माणसाच्या कितीतरी पट होतं. मेंदू मात्र त्याला दाद देईनासा होतो. बाहेरून आणखी लेप्टिन देऊन त्यांना फारसा उपयोग झाला नाही. ज्यांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही, अशा मोजक्या मुलांसाठी मात्र ते वरदान ठरलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशा एका नऊ वर्षांच्या, ९४.४ किलो वजनाच्या मुलीला लेप्टिन दिलं. वर्षभरात तिचं वजन १६.४ किलोंनी उतरलं.

चरबीच नसलेली माणसं

चरबी साखरेसाठी काय करते हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते ज्यांना चरबीच नाही अशा माणसांत. लिपोडिस्ट्रॉफी हा दुर्मीळ आजार आहे. त्यात त्वचेखालची चरबी जवळजवळ नसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, या माणसाला मधुमेहाची काय भीती? प्रत्यक्षात त्यांना अतिशय अवघड मधुमेह होतो. रोज शेकडो युनिट इन्सुलिन देऊनही साखर आटोक्यात येत नाही. साठवायला जागा नसल्यामुळे चरबी यकृतात आणि स्नायूंत घुसते, रक्तात ट्रायग्लिसराइड भरमसाट वाढतं, आणि लेप्टिन तर जवळजवळ नसतंच.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अशा नऊ रुग्णांना चार महिने लेप्टिन दिलं गेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी १.९ अंकांनी उतरला. ट्रायग्लिसराइड ६० टक्क्यांनी घटलं. सुजलेल्या यकृताचा आकार सरासरी २८ टक्क्यांनी कमी झाला. मधुमेहाची औषधं कमी करावी किंवा थांबवावी लागली. मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या एका संप्रेरकाने, शेकडो युनिट इन्सुलिनला जे जमलं नव्हतं, ते करून दाखवलं. २०१४ मध्ये अमेरिकेत या उपचाराला परवानगी मिळाली.

उंदरांवरचा एक प्रयोग तर आणखी बोलका आहे. जनुकात बदल करून चरबी नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना तीव्र मधुमेह झाला. २००० मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या त्वचेखाली निरोगी उंदराच्या चरबीचं रोपण केलं आणि साखर ताळ्यावर आली. मग हाच प्रयोग लेप्टिन बनवू न शकणाऱ्या उंदराची चरबी वापरून केला. साखर उतरली नाही. चरबीचे गोळे दोन्हीकडे होते. फरक होता तो त्यातून येणाऱ्या निरोपाचा.

उलट्या दिशेने चालणारं संप्रेरक

ॲडिपोनेक्टिन १९९५ मध्ये अमेरिकेत फिलिप शेरर आणि हार्वी लॉडिश यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. पाठोपाठ जपानमध्ये ओसाका विद्यापीठातल्या युजी मात्सुझावा यांच्या गटालाही ते स्वतंत्रपणे मिळालं. १९९९ मध्ये ओसाकाच्या गटाने एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. हे संप्रेरक बनतं मेदपेशींत, पण चरबी वाढली की ते वाढत नाही, घटतं.

ॲडिपोनेक्टिन यकृताला साखर कमी सोडायला लावतं, स्नायूंना चरबी जाळायला लावतं, आणि दोघांनाही इन्सुलिनचा निरोप नीट घ्यायला मदत करतं. पेशी फुगल्या की हा हात मागे घेतला जातो. २००९ मध्ये १३ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १४,५९८ माणसं होती आणि पुढच्या काळात त्यांतल्या २,६२३ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या रक्तात सुरुवातीला ॲडिपोनेक्टिन जास्त होतं, त्यांना मधुमेहाचा धोका कमी होता, आणि हे वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत सारखंच दिसलं. आपल्याकडे डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून देत आलेली पायोग्लिटाझोन ही गोळी रक्तातलं ॲडिपोनेक्टिन वाढवते.

२००७ मध्ये शेरर यांच्याच गटाने लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांत ॲडिपोनेक्टिन वाढवून पाहिलं. उंदीर आणखी लठ्ठ झाले, आपल्या भावंडांपेक्षाही जड. आणि त्यांची साखर सुधारली. कारण त्यांची चरबी यकृतातून निघून त्वचेखाली गेली होती, नव्या, लहान, निरोगी मेदपेशींत. या एका निकालाने वजनकाट्यावरचा आपला आंधळा विश्वास हलायला हवा. अंगात चरबी किती, याच्याइतकाच ती कुठे आणि किती दाटीवाटीने राहते हा प्रश्न मोलाचा आहे.

दाटीवाटी झाली की तिथे संरक्षक पेशी गोळा होतात. मॅक्रोफेज नावाच्या या पेशींचं प्रमाण सडपातळ माणसाच्या मेदऊतीत १० टक्क्यांहून कमी असतं. लठ्ठ माणसाच्या मेदऊतीत ते ४० टक्क्यांच्या जवळ जातं. त्या दाह वाढवणारे पदार्थ सोडतात. त्यांतला टीएनएफ-अल्फा इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो, हे गोखन होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी उंदरांत १९९३ मध्येच दाखवलं होतं, लेप्टिन सापडायच्याही एक वर्ष आधी. या यादीत भर पडतच आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात अतुल चोप्रा यांच्या गटाने ॲस्प्रोसिन शोधलं. मेदऊतीतून येणारं हे १४० अमिनो आम्लांचं संप्रेरक यकृताला साखर सोडायला सांगतं.

पुण्यातले दोन आकडे

हे सगळं आपल्याशी किती जवळून जोडलेलं आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजन आणि उंची यांच्या गणिताने ज्यांना एकाच रकान्यात बसवलं असतं, त्यांच्यात चरबीचा फरक दुपटीहून जास्त.

हा फरक मोठेपणी पडत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं ८०० ग्रॅमने हलकी. पण ही तूट स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी बऱ्याच अंशी शाबूत होती. पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. बारीक दिसणारं, पण आत चरबी राखून असलेलं हे शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो.

म्हणूनच २०२३ मध्ये आलेले भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे आकडे फक्त लठ्ठ लोकांचे आकडे म्हणून वाचता येत नाहीत. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा देशात २८.६ टक्के लोकांत, पण पोटावरचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत. या दोन आकड्यांमधलं ११ टक्क्यांचं अंतर पाहा. वजनकाटा ज्यांना ठीक म्हणतो आणि ज्यांचं पोट वेगळंच सांगतं, अशी कोट्यवधी माणसं या अंतरात आहेत.

०.६ ग्रॅम

या लेखातला लहानसा पण सगळ्यांत आशादायक आकडा न्यूकॅसलहून आला आहे. तिथले प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये टाइप-२ मधुमेह असलेल्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरींच्या आहारावर ठेवलं. पहिल्या सात दिवसांत यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची सरासरी साखर १६६ वरून १०६ वर आली. पुढे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर १८ मधुमेहींचं स्वादुपिंड मोजलं गेलं. त्यातून कमी झालेली चरबी होती ०.६ ग्रॅम, आणि तेवढ्याने इन्सुलिन पुन्हा नीट वाहू लागलं.

१५ किलो चरबी त्वचेखाली गुण्यागोविंदाने राहू शकते आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास चरबी चुकीच्या जागी गेली तर मधुमेह होतो. प्रत्येकाची त्वचेखाली चरबी सुरक्षित साठवायची मर्यादा वेगळी असते. आपल्या लोकांत ती लवकर संपते. ती संपली की मेदपेशी फुगतात, ॲडिपोनेक्टिन घटतं, दाह वाढतो, आणि उरलेली चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात जाते.

मर्यादेच्या आत परत येता येतं, हे २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीने दाखवलं. १४९ मधुमेहींनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन घटवलं. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्या ३६ जणांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांतल्या ३१ जणांना हे साधलं. लठ्ठ नसलेल्यांवरही टेलर यांनी २० जणांचा अभ्यास केला. त्यांचा सरासरी बीएमआय २४.८ होता. वजन ६.५ टक्क्यांनी घटल्यावर १४ जणांचा मधुमेह मागे हटला. ६२ किलोच्या माणसाला हे म्हणजे चार किलो. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार आणि चालणं एवढ्यानेच मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं होतं.

चरबीला शत्रू मानायचं कारण नाही. ती नसलेल्या माणसांचे हाल आपण पाहिले. तिला तिच्या जागी, तिच्या मापात ठेवायचं आहे. त्यासाठी वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपर्यंत असावी, ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. तुमची त्याहून जास्त असेल, किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर अंगाने बारीक असलात तरी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासून घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आहार कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण साखर वेगाने उतरते आणि औषधांची मात्रा त्यांनाच बदलावी लागते. तपासणीला एक सकाळ लागते. ती याच आठवड्यात काढा.